भात परत पाठवू नका

पहाटे दादोजी कोंडदेव स्टेडियमच्या ट्रॅकवर आणि तिथून थेट कॉलेजात, अशी धावपळ करणारी मुलंमुली आमचा डबा खातात. संध्याकाळी डबे धुवायला आले की कोण किती जेवलं ते कळतं. पोळीभाजी संपलेली, भात जसाच्या तसा, तुपाची डबी उघडलेलीसुद्धा नाही. स्पर्धा जवळ आली की असे डबे वाढतात. काहींना वजन उतरवायचं असतं. पण बऱ्याच जणांची दमल्यावर भूकच मेलेली असते, आणि ती लागेपर्यंत लेक्चर सुरू झालेलं असतं.

हिशेब करून पाहा. मुलगी ५० किलोची, चरबी वगळून ४० किलो धरू. १० किलोमीटर धावण्यात साधारण ५०० कॅलरी गेल्या. दिवसभरात खाल्ल्या १,७००. बाकी शरीर चालवायला उरल्या १,२००, म्हणजे किलोमागे ३०. क्रीडावैद्यकात ४५ पुरेशा मानतात. ३० च्या खाली फार दिवस राहणं धोक्याचं.

मग शरीर काटकसर करू लागतं. पाळी लांबते, हाडं कमजोर होतात, सर्दी पाठ सोडत नाही, टायमिंग सुधारत नाही. काटा मात्र जागचा हलत नाही, कारण शरीराने खर्चच कमी केलेला असतो. तेव्हा ‘वजन तर ठीक आहे’ म्हणून आईबाबांनी निर्धास्त राहू नये. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या त्रासाला ‘रेड-एस’ (खेळाडूच्या शरीराला ऊर्जा कमी पडणं) नाव दिलं. तो मुलग्यांनाही होतो. पाळीसारखी खूण नसल्याने उशिरा लक्षात येतो, इतकंच.

किलोमागे ४५ धरल्या तर वरच्या हिशेबातली तूट ६०० कॅलरींची. दोन केळी, पेलाभर म्हशीचं दूध आणि शेंगदाण्याचे दोन छोटे लाडू यांत ती जवळपास भरून निघते. म्हणून केळी-लाडवांची छोटी डबी आता वेगळी देतो. ती ट्रॅकवरच, बूट सोडता सोडता संपवा. दूध घरी प्या. भात दुपारी, तुपासकट!

सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा नडगीत एका जागी बोट ठेवलं की कळ येते, तर डबा वाढवून भागणार नाही. सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.

सरावाची वेळ बदलली तर आदल्या रात्री आठच्या आत व्हॉट्सॲपवर कळवा. लाडू सकाळी वळत नाही, रात्रीच होतात.