काळा विनोद (गुन्हेगारी मालिकांतील)

खून, अपहरण, फसवणूक यांसारखा गंभीर गुन्हा ज्या मालिकेचा कणा असतो, तिच्यात मृत्यू आणि भय यांच्याच पोटातून निघणारा विनोद म्हणजे काळा विनोद. मराठी समीक्षेत ‘कृष्णविनोद’ असाही शब्द आढळतो. बोलताना मात्र बहुतेक जण सरळ ‘ब्लॅक कॉमेडी’ म्हणतात. मेलेल्या माणसाची थट्टा म्हणजे काळा विनोद, हा समज चुकीचा आहे. प्रेत आतल्या खोलीत आहे आणि बाहेर पाहुण्यांना बिनसाखरेचा चहा चालेल का यावर खल चालला आहे, या विसंगतीतून तो जन्मतो. कुणी मेले म्हणून दूध उतू जायचे थांबत नाही, एवढी साधी गोष्ट तो डोळ्यांसमोर धरतो. म्हणून त्यावर हसणारा प्रेक्षक हसता हसता मध्येच थबकतो.

गुन्हेगारी मालिकेतला प्रत्येक विनोद काळा नसतो. दूरदर्शनवर 1985 साली आलेल्या ‘करमचंद’मधला गाजर खाणारा गुप्तहेर आणि त्याची मदतनीस किटी यांची जुगलबंदी ही निखळ गंमत होती, ती काढून टाकली असती तरी तपास जसाच्या तसा राहिला असता. 1998 ते 2018 अशी सलग वीस वर्षे चाललेल्या ‘सीआयडी’तले फ्रेडरिक्सचे प्रसंग हे ताण सैल करण्यासाठी घातलेले विसावे होते. दयाला दार तोडायला सांगणाऱ्या वाक्यावर लोक आज हसतात, पण ते हसू मालिकेने योजलेले नव्हते. काळा विनोद कथेतून उपटून काढता येत नाही. तो काढला की गुन्ह्याचा अर्थच बदलतो.

संज्ञा आणि पूर्वपीठिका

फ्रेंच लेखक आंद्रे ब्रेतों यांनी 1940 साली अशा लेखनाचा एक संग्रह सिद्ध केला आणि त्यातून ही संज्ञा रूढ झाली. परंपरेचे मूळ त्यांनी जोनाथन स्विफ्टपर्यंत नेले. गरीब आयरिश आईबापांनी आपली मुले श्रीमंतांना खाण्यासाठी विकावीत, असा प्रस्ताव जमाखर्चाच्या शांत भाषेत मांडणारा स्विफ्टचा निबंध 1729 सालचा आहे. फ्रॉइड यांनी विनोदावरच्या आपल्या 1927 च्या लेखात सोमवारी फाशी जाणाऱ्या कैद्याचे उदाहरण दिले. वधस्तंभाकडे निघताना तो म्हणतो, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली!

मराठीला हा विनोद कुणी बाहेरून आणून द्यावा लागला नाही. ‘मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे’ हा वाक्प्रचार ज्या भाषेत जाता येता वापरला जातो, तिचा कान या सुराला आधीच सरावलेला असतो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हाचा प्रसंग आठवावा. उन्हात ताटकळलेले नातलग एकेक वचन देऊ लागतात: धाकट्याचे लग्न लावून देऊ, वाटणीवरून भांडणार नाही, आईला अंतर देणार नाही. कावळा काही हलत नाही. मग मागून कुणीतरी हळूच सुचवते, विडीचे बंडल ठेवून बघा. दुःख खरे असते आणि सूचनाही मनापासून केलेली असते. सतीश आळेकर यांच्या 1974 च्या ‘महानिर्वाण’मध्ये तर मेलेले भाऊरावच उठून आपल्या मरणाचे कीर्तन करतात. त्या नाटकात गुन्हा नाही. पण तिरडीशेजारी बसून हसायचे कसे आणि कुठे गप्प व्हायचे, हे मराठी प्रेक्षकाला त्याने फार आधी शिकवले.

पडद्यावरची घडण

दूरचित्रवाणीतल्या काळ्या विनोदाचा सर्वांत स्वच्छ नमुना आजही आल्फ्रेड हिचकॉक यांच्या अमेरिकन मालिकेतल्या 1958 सालच्या एका भागात सापडतो. रोआल्ड डाल यांच्या कथेवर तो बेतलेला आहे. पोलीस खात्यातला नवरा घरी येतो आणि गरोदर बायकोला सांगतो की तो तिला सोडून चालला आहे. ती रात्रीच्या जेवणासाठी काढलेली मेंढ्याची गोठलेली तंगडी उचलते आणि त्याच्या डोक्यात घालते. तो जागीच मरतो. ती तंगडी भट्टीत भाजायला ठेवते, दुकानात जाऊन भाजी आणते आणि परत आल्यावर पोलिसांना बोलावते. पोलीस घरभर शस्त्र शोधतात. रात्र वाढते, त्यांना भूक लागते, आणि ती आग्रहाने त्यांना वाढते. ताटावर बसलेले तपासी अधिकारी चर्चा करतात की शस्त्र इथेच कुठेतरी, अगदी आपल्या नाकासमोर असणार.

या भागात कुणीही विनोद करायला आलेले नाही. बाई स्वयंपाक करते, पोलीस आपले काम करतात, सगळे एकमेकांशी सभ्यतेने वागतात. जे आपल्याला ठाऊक आहे ते त्यांना ठाऊक नाही, एवढ्या एका फटीत सारे हसू साठलेले आहे. काळ्या विनोदाचे तंत्र म्हणून जे सांगितले जाते, त्यातले बहुतेक या ताटात वाढलेले आहे: घरगुती वस्तू शस्त्र होते, पात्रे गंभीर राहतात, पाहणारा गुपितात सामील होतो. आणि सामील झाल्यामुळे तो थोडा गुन्हेगारही होतो. बाई पकडली जाऊ नये असे आपल्याला वाटू लागते, तिथे हसू जरा अडखळते.

पुढच्या काळात मालिका लांबल्या तसा हा विनोदही भागाभागांतून मुरू लागला. 1999 ते 2007 या काळातल्या ‘द सोप्रानोज’मध्ये टोळीप्रमुख घाबरा होऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो, आणि खुनाइतकाच त्याला आईचा जाच होतो. 2008 ला सुरू झालेल्या ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये रसायनशास्त्राचा मास्तर आपल्या जुन्या विद्यार्थ्याला प्रेत आम्लात विरघळवायला सांगतो आणि त्यासाठी विशिष्ट प्लास्टिकचे पिंप आणायला बजावतो. मनासारखे पिंप मिळत नाही म्हणून विद्यार्थी घरातलाच आंघोळीचा टब वापरतो. आम्ल टब खाते, खालची जमीन खाते, आणि सगळा ऐवज छत फोडून खालच्या मजल्यावर कोसळतो. मास्तर त्याला ज्या सुरात बोलतो तो वर्गातलाच असतो. सांगितलेले नीट ऐकले नाही की असे होते. माणूस खुनात ओढला गेला तरी त्याचा पेशा त्याच्या जिभेवरून उतरत नाही, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुठे दिसले असेल. 2014 च्या ‘फार्गो’त विमा विकणारा एक दबलेला नवरा कपडे धुण्याच्या यंत्रावरून झालेल्या बोलाचालीनंतर बायकोला हातोडीने मारतो. हिंदीत 2024 च्या ‘किलर सूप’मध्ये हॉटेल काढायची हौस असलेल्या बाईचे पायासूप कुणाला आवडत नाही, आणि त्या सुपाशेजारीच खून शिजत राहतो.

मराठी मालिका आणि गोव्याचा प्रेक्षक

गोव्यात घरात कोकणी बोलणाऱ्या अनेक कुटुंबांत वर्तमानपत्र, भजन, जत्रेतले नाटक आणि संध्याकाळची मालिका मराठीतून चालते. झी मराठीवर 2016 साली ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली तेव्हा तिचे घर सावंतवाडीजवळच्या आकेरीत होते, म्हणजे गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की जवळच. गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडण्याकडची बोली आणि मालवणी यांत अंतर फार थोडे, त्यामुळे ती मंडळी परकी वाटली नाहीत. घरात मरण झालेले, प्रत्येकाच्या मनात दुसऱ्याविषयी संशय, आणि त्या सगळ्यात वावरणारा पांडू. मालिकेच्या लेखनात सहभागी असलेल्या प्रल्हाद कुडतरकर यांनीच त्याची भूमिका केली. पांडू काहीतरी महत्त्वाचे सांगायला येतो, ऐकणारा कान टवकारतो, आणि पांडू म्हणतो, ‘इसरलंय’. सगळा गाव त्या शब्दावर हसला. पण ज्याने काही पाहिले असावे असा घरातला माणूस विसरतो, तेव्हा खरे काय ते कळण्याची एक वाट बंद होते. हसू आणि धास्ती एकाच शब्दाला टांगलेली राहतात, ही त्या लेखनाची मोठी कमाई आहे.

2020 च्या ‘देवमाणूस’चे नावच काळ्या विनोदाचे आहे. गावाने देव मानलेला डॉक्टर खुनी आहे हे प्रेक्षक जाणतो आणि गाव त्याच्या पाया पडत राहते. त्यातली सरू आजी (भूमिका रुक्मिणी सुतार यांची) शिव्या आणि म्हणी यांच्या माऱ्याने अख्खे घर हलवते. आजीचे तोंड सुटले की पाहणारा खुनी माणसाला क्षणभर विसरतो, आणि तो तिथेच, त्याच अंगणात बसलेला असतो.

हे सारे समजायला गोव्याच्या प्रेक्षकाला वेगळी शिकवणी लागत नाही, कारण त्याने संकासुर पाहिलेला असतो. पेडणे, बार्देश, डिचोली, सत्तरी या भागांत जत्रेच्या आणि काल्याच्या रात्री देवळासमोर दशावतारी नाटक होते. मंडळ्या बहुधा सिंधुदुर्गातून येतात. मुख्य आख्यानाआधी आड दशावतार असतो. पायपेटी, पखवाज आणि झांज यांच्या तालावर गणपती येऊन जातो, रिद्धीसिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, आणि मग येतो संकासुर. अंगभर काळे, तोंडावर काळे फडके, त्यावर लोंबणारी लाल जीभ. हा वेदांचा चोर. पुढे बसलेली पोरे त्याला पाहून आईच्या कुशीत तोंड लपवतात, आणि पाच मिनिटांत त्याच्याच बोलण्यावर खिदळू लागतात. तो भटजीशी हुज्जत घालतो, विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देतो, गावातल्या ताज्या भानगडीवर मालवणीत शेरा मारतो. चोर आपल्याला आवडू लागतो. मग विष्णू येतो, झटापट होते, आणि ज्याने इतका वेळ हसवले तोच मारला जातो. मालिकेतल्या गुन्हेगाराशी प्रेक्षकाचे जे गुंतागुंतीचे नाते जडते त्याचा हा जुना आराखडा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. दूरच्या परदेशी मालिकांत त्याची मुळे शोधताना हा काळा झगा नजरेआड होऊ नये.

दुसरी शाळा म्हणजे पंचनामा. जागेवर ज्या दोघांना पंच म्हणून उभे केले जाते ते बहुधा शेजारचा दुकानदार आणि वाटेने जाणारा कुणीतरी असतात. पंचनाम्याच्या भाषेत सगळ्या वस्तूंना सारखाच मान मिळतो. मयताच्या अंगात निळा चौकडीचा शर्ट, खिशात बसचे तिकीट, मनगटावर चालू स्थितीतील घड्याळ. घड्याळ चालू आहे हे तितक्याच कोरडेपणाने नोंदलेले असते. शव शवचिकित्सेसाठी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) पाठवले, या वाक्याने प्रकरण पुढे सरकते, आणि दुकानदार पंचाच्या मनात एकच घोळत असते की दुकान उघडेच टाकून आलो आहोत. चांगला मालिकालेखक या पंचाला सोडत नाही. तपासाच्या धावपळीत त्याला एक वाक्य देतो, आणि मृत्यूशेजारी जगणे किती चिवटपणे चालू असते ते त्या वाक्यात उतरते.

मर्यादा

खऱ्या प्रकरणावरून मालिका घेतली की हा विनोद नाजूक होतो. ‘देवमाणूस’ला सातारा जिल्ह्यातल्या वाई भागात 2016 साली उघडकीस आलेल्या हत्यांचा आधार होता. अशा मालिकेत गावाच्या भोळेपणावर हसता येते, गुन्हेगाराच्या मिजाशीवर हसता येते. बळी गेलेल्या बाईवर हसू फिरले की लेखन घसरले असे समजावे. बोलीचेही तसेच आहे. पांडूवर लोक हसले ते त्याच्या विसरण्यावर. हिंदी मालिकांत कोकणी वळणाचे बोलणे हाच विनोद मानला जातो आणि गोवेकर म्हणजे हातात बाटली धरलेला माणूस ठरतो, तेव्हा तो आळस असतो. त्यात काळेही काही नसते आणि विनोदही नसतो. गोव्यात वाढलेल्या प्रेक्षकाला ते लागते, आणि लागायलाच हवे.

गोव्याच्या वाट्याला आलेला सर्वांत लोकप्रिय काळा विनोद मालिकेतून आलेला नाही. 2015 च्या हिंदी ‘दृश्यम’मधला विजय साळगावकर केबलचा धंदा करतो. घरात झालेला खून लपवण्यासाठी, 2 आणि 3 ऑक्टोबरला पणजीत सत्संग ऐकला, पावभाजी खाल्ली, सिनेमा पाहिला, ही खोटी हकिकत तो बायको आणि दोन मुलींकडून पाढ्यांसारखी घोकून घेतो. दरवर्षी 2 ऑक्टोबरला सत्संगाचे आणि पावभाजीचे संदेश मोबाईलवर फिरू लागतात. पाठांतराचा तो प्रसंग विनोदी आहेच, सगळे घर परीक्षेला बसल्यासारखे दिसते. त्याच चित्रपटात पुढे गायतोंडे नावाचा पोलीस अधिकारी सगळ्यांना मारझोड करतो आणि पाठ केलेले शेवटी धाकट्या मुलीच्या तोंडून फुटते. प्रेत कुठे पुरले ती जागा ती सांगून टाकते.