कम्बाइनची शेपूट

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत आला. मातीच्या रिंगणात गहू कापायची भलीमोठी यंत्रं एकमेकांवर धडका मारतायत, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं : ‘बघा जुन्या लोखंडाची ताकद! आजच्या गाड्या म्हणजे नुसता पत्रा.’ हे वाचून गप्प बसवेना. कारण ते रिंगण नीट पाहिलं तर याच्या अगदी उलट गोष्ट दिसते.

हा खेळ अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेकडच्या लिंड या गावचा. वस्ती शेकड्यांत मोजावी एवढीच. पाऊस वर्षाला साधारण 240 मिलिमीटर, म्हणजे आपल्या माणदेशाहूनही कमी. एक वर्ष गहू घ्यायचा, पुढच्या वर्षी रान पड ठेवून ओल साठवायची, अशी तिथली कोरडवाहू शेती. तिथला लायन्स क्लब 1988 पासून जून महिन्यात, सुगीच्या तोंडावर, ही कम्बाइनची झुंज भरवत आलाय. यंत्र किमान 25 वर्षं जुनं हवं. शेवटपर्यंत जे हलतं राहील ते जिंकलं.

कम्बाइन म्हणजे आपण ज्याला नुसतं हार्वेस्टर म्हणतो ते. कापणी, मळणी आणि उफणणी ही खळ्यावरची सगळी कामं एकाच धुडाच्या पोटात. पुढे रुंद कापणीचं पातं, ज्याला हेडर म्हणतात. त्यामागे मोठी चालकचाकं, आणि यंत्राचं बहुतेक वजन त्यांच्यावरच. मागच्या भागात भुसा हलवून बाहेर टाकणाऱ्या चाळण्या आणि वर पत्र्याचं आवरण. म्हणजे मागचा भाग बराचसा पोकळ, आणि तो पेलायला दोन छोटी चाकं. गंमत अशी की स्टिअरिंग फिरवलं की वळतात ती हीच मागची चाकं.

असं का? पुढे हेडर आणि भार पेलणारी मोठी चाकं असताना तिथे चाक वळवायला जागाच उरत नाही. शिवाय मागून वळलं की यंत्र थोडक्या जागेत फिरतं. गाडी रिव्हर्स घेताना नाक कसं बाहेर फेकलं जातं ते आठवा. कम्बाइन पुढे जातानाही तसंच होतं, फक्त बाहेर फेकली जाते ती शेपूट. आमच्या रानात एकदा पंजाबहून आलेला हार्वेस्टर गहू काढत होता. गव्हाची ओळ संपवून तो डावीकडे वळला आणि मागचा पत्रा उजवीकडच्या बांधावरच्या बाभळीला घासत गेला. चालकाने वळवलं होतं बाभळीपासून लांब. मी कितीतरी वेळ त्या खरचटलेल्या सालीकडे बघत उभा होतो.

लिंडच्या रिंगणात मुरलेला चालक याच शेपटीवर डोळा ठेवतो. समोरच्याच्या हेडरवर धडक मारून फारसं काही साधत नाही. मागच्या चाकाला बाजूने ठोकर बसली की दोन गोष्टी होतात. पुढची जड चाकं मातीत रुतून बिजागरीसारखी वागतात, आणि ठोकर त्या बिजागरीपासून तीनेक मीटर लांब बसलेली असते. दाराला कडीजवळ ढकललं की ते सहज फिरतं, तसं अख्खं यंत्र फिरतं. दुसरं म्हणजे मागचा आस मधोमध एका खिळीवर झुलता बसवलेला असतो, खाचखळग्यांत चारही चाकं जमिनीला टेकावीत म्हणून. दोन्ही चाकं एकत्र वळवणारा दांडा वाकला की एक चाक पूर्वेला आणि एक उत्तरेला. इंजिन ठणठणीत, पण वळायची सोय संपली.

आता ‘ताकदी’चा हिशोब. सोयीसाठी सहा टनांचं यंत्र ताशी 15 किलोमीटर वेगाने येतंय असं धरू. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग : सुमारे 52,000 जूल. एक टनाची छोटी कार ताशी 60 ने जात असेल तर 1,39,000 जूल. म्हणजे त्या धुडाच्या अडीच पटींहून जास्त! वेगाचा वर्ग होतो, वजनाचा होत नाही.

हे यंत्र तेवढ्याच वजनाच्या उभ्या यंत्राला धडकलं आणि दोन्ही चिकटून पुढे सरकली, तर (मातीचं घर्षण सोडून देऊ) निम्मी ऊर्जा, 26,000 जूल, पत्रा चेपण्यात खर्च होते. दोघांचा पत्रा मिळून 30 सेंटीमीटर चेपला तर सरासरी बल होतं सुमारे नऊ टन वजनाइतकं, आणि चालकाला बसणारा धक्का गुरुत्वाच्या दीडपट. सावरता येईल असा. तीच धडक तीन सेंटीमीटरमध्ये थांबली, म्हणजे लोखंड खरंच ‘दणकट’ निघालं, तर दोन्ही आकडे दहापट. बल दोन्ही यंत्रांना सारखंच बसतं, हा न्यूटनचा तिसरा नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलाय.

म्हणून चेपणारा पत्रा हा दोष नाही, तो चालकाच्या वाट्याचा मार खातो. 2009 मध्ये अमेरिकेत 1959 ची शेवरले बेल एअर आणि 2009 ची शेवरले मालिबू ताशी 64 किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळवल्या होत्या. जुन्या गाडीत चालकाची जागाच चिरडली गेली. नव्या गाडीचं नाक चेपलं आणि आतली जागा शाबूत राहिली.

तरीही आपल्याकडे नवी गाडी आली की पुढे लोखंडी बुलगार्ड बसवतात. केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये त्यावर कारवाई करायला सांगितलं, ते उगाच नाही. गाडीचं नाक ज्यासाठी मऊ ठेवलेलं असतं, ते काम हा गार्ड हाणून पाडतो. बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीने निदान गाडीचं नुकसान तरी होत नाही. बुलगार्डने होतं, आणि समोरून येणाऱ्या पादचाऱ्याचं त्याहून जास्त होतं. काढून टाका तो.

रिंगणात अजून एक गोष्ट पाहण्यासारखी असते. बऱ्याच जुन्या कम्बाइनमध्ये इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत रबरी व्ही-पट्ट्याने जाते. दोन पुलींमधलं अंतर हिसक्याने जरा सरकलं तरी पट्टा निसटतो. मग हेडर शाबूत, चारही टायर फुगलेले, धुराड्यातून धूर निघतोय, आणि ते सहा टनांचं यंत्र जागच्या जागी थरथरत उभं.