बेटर : मराठी पर्याय आणि अर्थछटा

बेटर हे इंग्रजीतील ‘गुड’ या विशेषणाचे तुलनावाचक रूप. मराठीत विशेषणाचे असे वेगळे रूप रोजच्या बोलण्यात होत नाही. संस्कृतातून आलेले ‘-तर’, ‘-तम’ हे प्रत्यय (उच्चतर, उच्चतम) पुस्तकातच राहिले. तुलनेचा भार ‘पेक्षा’, ‘हून’ किंवा वऱ्हाडातला ‘परीस’ उचलतो आणि छटा विशेषणाच्या निवडीवर ठरते. म्हणून पाठ्यपुस्तकातला ‘अधिक चांगला’ हा पर्याय बरोबर असूनही फार तोकडा आहे.

सर्वांत जवळचा शब्द ‘बरा’. गंमत अशी की एरवी तो ‘चांगला’च्या खालच्या पायरीवर असतो, तुलना आली की मात्र ‘बेटर’चे काम करतो. विदर्भातल्या खेड्यात आजाऱ्याला विचारतात, “आराम पडला का?” उत्तर येते, “कालच्यापरीस बरं हाये.” म्हणजे सुधारणा आहे, दुखणे गेलेले नाही. इंग्रजीत ‘बेटर’ या एकाच शब्दात सुधारणाही येते आणि पूर्ण बरे होणेही. मराठीत ताप थोडा कमी झाला की ‘उतार पडला’, औषध लागू पडले की ‘गुण आला’, दुखणे संपले की ‘बरा झाला’. हा भेद दवाखान्यात जपलाच पाहिजे. क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचारात किमान सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात, आणि ‘बरं वाटते’ म्हणून त्या मध्येच सोडल्या तर रोग उलटतो.

मालाची प्रत तोलताना ‘सरस’ : फरदडीपेक्षा (हंगाम संपल्यावर त्याच झाडांना पुन्हा आलेल्या कापसापेक्षा) पहिल्या वेच्याचा कापूस सरस. दोन माणसांत ‘उजवा’. चढाओढीत ‘वरचढ’, त्यात गुणापेक्षा जोर अधिक. ‘श्रेयस्कर’ हिताच्या सल्ल्यापुरता, भाषणात शोभणारा.

दोन वाईटांतून एक निवडायचे तर ‘परवडलं’. पाऊस लांबून दुबार पेरणी आली की वावरातला माणूस म्हणतो, “यापरीस उशिरा पेरलं असतं तं परवडलं असतं.” ‘दगडापेक्षा वीट मऊ’ ही म्हण याच छटेची.

‘बेहत्तर’ हा फारसी ‘बेहतर’वरून आला. मुळात त्याचाही अर्थ ‘अधिक चांगले’. मराठीत तो ‘जीव गेला तरी बेहत्तर’ असा पर्वा न करण्याचा शब्द झाला. ‘बेटर’शी त्याचे ध्वनिसाम्य मात्र योगायोगाचे आहे, दोन्ही शब्दांची मुळे वेगळी.