ट्रक उंच केलात, आता स्टेअरिंगकडे बघा

जुन्या ट्रकला लिफ्ट (चासी उंच करणारे भाग) बसवली की दोन तक्रारी हमखास येतात. एक, गाडी सरळ धावते पण स्टेअरिंग वाकडं राहतं. दुसरी, चाक खड्ड्यात गेलं की हात न लावता स्टेअरिंग फिरतं. दोन्हींचं मूळ एकच आहे. हे पत्रक पुढे सरळ अॅक्सल आणि पाटे असलेल्या ट्रकसाठी आहे. पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असेल तर कॅम्बरही (समोरून दिसणारा चाकाचा आत-बाहेर कल) बदलतो आणि कामाची पद्धत वेगळी असते.

नेमकं बदलतं काय?

स्टेअरिंग बॉक्स चासीवर असतो, चाकं अॅक्सलवर. लिफ्टमुळे चासी वर जाते, अॅक्सल होता तिथेच राहतो. त्यामुळे पिटमन आर्मपासून (बॉक्सच्या शाफ्टवरचा दांडा) चाकाच्या नकलकडे (चाकासोबत वळणारा भाग) जाणारी दांडी, म्हणजे ड्रॅग लिंक, तिरकी होते. भिंतीला टेकवलेली शिडी जास्त उभी केली की तिचा पाय भिंतीकडे सरकतो, तसं लिंकचं खालचं टोक बॉक्सकडे ओढलं जातं आणि चाकं थोडी वळतात. ती सरळ करायला तुम्ही स्टेअरिंग फिरवता, म्हणून ते वाकडं दिसतं. पाटे दबले-सुटले की लिंकचा कोन पुन्हा बदलतो, आणि खड्ड्यातला झटका थेट हातात येतो.

त्यामुळे पहिलं काम लिंक पुन्हा शक्य तितकी आडवी करण्याचं. खाली झुकलेला पिटमन आर्म हा सोपा उपाय. पण त्याने बॉक्सच्या शाफ्टवर आणि बॉक्स जिथे बोल्ट केलेला असतो त्या चासीच्या भागावर ताण वाढतो. जुन्या गाडीत तिथे आधीच बारीक तडे असू शकतात, म्हणून आर्म बदलण्यापूर्वी आम्ही ती जागा घासून स्वच्छ करून बघतो. लिफ्ट जास्त असेल तर नकलवरचा आर्म उंच करून लिंक वर घेणं आम्हाला जास्त पटतं. पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आणि पॅनहार्ड रॉड (अॅक्सलला बाजूला सरकू न देणारा दांडा) असेल, तर नुसता पिटमन आर्म बदलून भागत नाही. तो रॉड आणि ड्रॅग लिंक एकमेकांना समांतर राहायलाच हवेत.

स्टेअरिंग काढून सरळ बसवू नका

हा सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा उपाय. बहुतेक बॉक्स बरोबर मधोमध सर्वांत घट्ट असतात आणि दोन्ही बाजूंना प्ले, म्हणजे मोकळेपणा, मुद्दाम थोडा जास्त ठेवलेला असतो. स्टेअरिंग उपसून दुसऱ्या दात्यावर बसवलं की ते सरळ दिसतं, पण बॉक्स मध्यापासून सरकलेला राहतो. मग सरळ रस्त्यावरही गाडी डोलते. त्यावर कुणी बॉक्सचा अॅडजस्टिंग स्क्रू आवळला, तर बॉक्स लवकर झिजतो.

योग्य पद्धत अशी: ड्रॅग लिंक सोडवायची, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे फिरतं ते मोजायचं आणि निम्म्यावर आणून ठेवायचं. चाकं सरळ उभी करायची आणि लिंकची स्लीव्ह (आटे असलेली नळी) फिरवून तिची लांबी त्या जागेला जुळवायची. दोन्ही टोकांचे आटे स्लीव्हमध्ये जवळपास सारखे शिरलेले असावेत. शेवटी नट सुटू नये म्हणून कॉटर पिन. भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळायचा, मागे कधीच सोडायचा नाही.

अलाइनमेंट

आधी कॅस्टर (बाजूने बघितल्यावर चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल), मग टो (वरून बघितल्यावर चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते), आणि स्टेअरिंग मध्यावर आणणं सर्वांत शेवटी. लिफ्टमध्ये अॅक्सलची वरची बाजू थोडी जरी पुढे झुकली तरी कॅस्टर कमी होतो. वळणानंतर स्टेअरिंग स्वतः परत येत नाही, वेगात गाडी भरकटते. पाट्याखाली योग्य कोनाची पाचर घालून तो सुधारता येतो. टो-इन (चाकांची तोंडं आत असणं) साधारण 1.5 ते 3 मिमी असतो, तरी तुमच्या गाडीचं कंपनीने दिलेलं माप तेच खरं. दोन चाकांना जोडणारा टाय रॉड एका नकलपासून दुसऱ्या नकलपर्यंत थेट जात असेल तर लिफ्टने टो फारसा हलत नाही. तो ड्रॅग लिंकलाच जोडलेला असेल तर मात्र हलतो.

गाडी ताब्यात घेताना

इंजिन चालू, चाकं जमिनीवर. एकाने स्टेअरिंग थोडं इकडे-तिकडे हलवावं, दुसऱ्याने खालून प्रत्येक जोड बघावा. चाक ज्यावर वळतं तो किंगपिन किंवा बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बॉक्सचे बोल्ट, कुठेही ढिलाई दिसली तर तिथेच सांगा. पुढची चाकं जोरात थरथरू लागणं बहुधा याच ढिलाईतून येतं. नवा स्टेअरिंग डॅम्पर (झटके शोषणारा भाग) ते फक्त झाकतो. मग जॅकवर अॅक्सल पूर्ण खाली लोंबकळत असताना दोन्ही बाजूंना चाकं पूर्ण वळवून बघा. कुठलाही जोड अडकता कामा नये आणि ब्रेक होज ताणला जाता कामा नये.

सुरुवातीचे काही शे किलोमीटर झाल्यावर पाटे अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट आणि पिटमन आर्मचा नट पुन्हा टॉर्कवर तपासून घ्यावा. रबर बुश असलेले बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच आवळायचे, म्हणून नेहमी जेवढा भार असतो तेवढ्यासकट गाडी आणा.