ड्राफ्ट कार्ड सापडलं म्हणजे पणजोबा लढले?

‘अमेरिकेतल्या पूर्वजाचं पहिल्या महायुद्धाचं ड्राफ्ट कार्ड मिळालं, म्हणजे ते सैन्यात होते,’ असा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. पण कार्ड ही सक्तीच्या सैन्यभरतीसाठीची (ड्राफ्ट) फक्त नावनोंदणी. १९१७-१८ मध्ये ठरावीक वयाच्या पुरुषांना ती सक्तीची होती, परदेशी नागरिकांनाही. सुमारे २.४ कोटी जणांनी नोंदणी केली; त्यातून सक्तीची भरती झाली जवळपास २८ लाखांची. जे आधीच सैन्यात होते त्यांना नोंदणी करावी लागलीच नाही, म्हणून कार्ड नसणं हाही पुरावा नव्हे.

आधी कार्डावरची नोंदणीची तारीख पाहा. १२ सप्टेंबर १९१८ असेल, तर दोनच महिन्यांत युद्ध थांबलं. मग सैन्यात होते का हे कळायला सैन्यातून सेवामुक्तीचा दाखला शोधा.

तरी कार्ड जपून ठेवाच! जन्मतारीख, कामधंदा, डोळ्यांचा रंग, स्वतःची सही एका जागी क्वचितच मिळते. जन्मगाव मात्र जून १९१७च्या कार्डावर बघा. सप्टेंबर १९१८च्या नमुन्यात तो रकानाच नाही.