काब्यात काळ्या दगडाची पूजा होते का?

‘मक्केत मुसलमान काळ्या दगडाचीच पूजा करतात’ हे वाक्य आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे.

काबा ही मक्केतली चौकोनी वास्तू. ती नमाजाची दिशा, म्हणजे किब्ला. आधी ती जेरुसलेमची होती, इ.स. 624 च्या सुमारास काब्याकडे वळली. प्रार्थना अल्लाहची, तोंड फक्त काब्याकडे. 630 मध्ये मक्का जिंकल्यावर प्रेषित मुहम्मदांनी तिथल्या मूर्ती हटवल्या आणि त्यांचे सहकारी हजरत बिलाल यांनी काब्याच्या छतावरून अजान दिली, असं परंपरा सांगते. आराध्य मूर्तीवर कुणी पाय देऊन उभं राहील का?

तो दगड, हजरे अस्वद, पूर्वेकडच्या कोपऱ्यात चांदीच्या कोंदणात आहे. तवाफचे, म्हणजे काब्याभोवतीच्या प्रदक्षिणेचे, सात फेरे तिथून सुरू होतात. त्या वेळी दगडाचं चुंबन घेतात, पण ते सक्तीचं नाही. गर्दी असेल तर लांबून हात उंचावला तरी चालतं. खलिफा उमर त्याला उद्देशून म्हणाले होते की तू दगडच आहेस, ना भलं करू शकतोस ना बुरं. ‘प्रेषितांनी चुंबन घेतलं म्हणून मी घेतो,’ असंही ते म्हणाले. याहून स्पष्ट काय हवं? 930 मध्ये कर्माती या बंडखोर पंथाच्या लोकांनी तो पळवला, वीसेक वर्षं तो मक्केत नव्हता. नमाजाची दिशा तरीही बदलली नाही.

आणि काब्याच्या आत? तीन लाकडी खांब, टांगलेले दिवे. मूर्ती एकही नाही.