हौदातलं कोमट पाणी आणि दशकांचा पाऊस

मे महिन्यात दिवसभर तापलेला पत्रा दिवेलागणीनंतर तासाभरात निवतो. अंगणातल्या हौदात हात घातला तर पाणी मात्र मध्यरात्रीही कोमट लागतं. मराठवाड्यात काही दशकं बरी आणि काही कोरडी का जातात, याचं निम्मं उत्तर या हौदात आहे.

हवा पत्र्यासारखी, समुद्र हौदासारखा. समुद्राच्या वरच्या जेमतेम तीन मीटर थरात जेवढी उष्णता मावते, तेवढीच वरच्या अख्ख्या वातावरणात. रोजचे वारे, वादळं समुद्राला कधी तापवतात, कधी गार करतात. त्यात ताल नसतो. पण समुद्र हे सगळं साठवत जातो आणि त्या गोळाबेरजेतूनच वर्षानुवर्षं चालणारे संथ चढउतार तयार होतात. जर्मन हवामानशास्त्रज्ञ क्लाउस हासेलमान यांनी १९७६ साली हे गणितानं मांडलं. २०२१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी. इतक्या साध्या विचारात इतकं सामावलेलं पाहून मी आजही थक्क होतो.

साठलेली उष्णता समुद्र हवेला परतही देतो. हिवाळ्यात खोलवर मुरलेली ऊब उन्हाळ्यात वरच्या थराखाली दडते आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा वर येते. त्यातून वारे बदलतात, आणि बदललेले वारे पुन्हा समुद्राला ढकलतात. उत्तर प्रशांत महासागरात ही देवाणघेवाण दोन-तीन दशकं एका बाजूला, म्हणजे उष्ण किंवा थंड टप्प्यात, झुकलेली राहते. याला प्रशांत दशकीय दोलन म्हणतात. १९९० च्या दशकात त्याचा माग लागला तो सामन माशांमुळे: अलास्कात मासे भरपूर, तेव्हा दक्षिणेला वॉशिंग्टन-ओरेगॉनमध्ये कमी.

हा झुकाव आपल्या मान्सूनपर्यंत पोचतो. हवामानशास्त्रज्ञ आर. कृष्णन आणि मासातो सुगी यांनी २००३ मध्ये दाखवलं की दोलनाच्या उष्ण टप्प्यात एल निनो आला, म्हणजे विषुववृत्ताजवळचा प्रशांत महासागर नेहमीपेक्षा तापला, तर भारतात दुष्काळाची शक्यता आणखी वाढते. २०१४ ते २०१६ हा काळ तसाच होता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पण हे कुलूप-किल्लीचं नातं नव्हे. १९७२ साली दोलन थंड टप्प्यात होतं, तरी एल निनोनं ज्वारी करपवली. १९९७ ला उष्ण टप्पा आणि प्रचंड एल निनो असूनही हिंदी महासागरानं देशाचा पाऊस सावरला.

आजी म्हणायची, 'आमच्या तरुणपणी पाऊस बरा होता.' म्हाताऱ्या माणसांची हळहळ म्हणून आम्ही ते सोडून द्यायचो. नोंदी तिच्या बाजूनं आहेत. १९३० ते १९६० च्या आसपास देशभर ओला कालखंड होता, १९७० च्या दशकापासून कोरडा. २०२२ मध्ये हवामान विभागानं जून-सप्टेंबरची देशाची सरासरी ८८०.६ वरून ८६८.६ मिलिमीटरवर आणली आणि कारण दिलं ते याच नैसर्गिक, दशकांच्या चढउताराचं. २०३१-४० च्या दशकात ओला कालखंड सुरू व्हावा, असाही त्यांचा अंदाज आहे.

फक्त आता हौदच मुळात जास्त तापलाय, आणि हवाही. हवा एका अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. ओलं दशक आलं, तरी तो पाऊस आजीच्या काळासारखा दिवसेंदिवस झिरपत येण्याऐवजी दोन-चार रात्रींत कोसळून रानातली मातीच वाहून नेऊ शकतो.